नागरिकांची तोंडी परीक्षा



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, ते गुरुजी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवीत असत; आणि इतिहासाच्या पुस्तकाच्या अखेरीस जोडलेला, परीक्षेच्या आदल्या रात्री घोकावयाचा विषय म्हणून ज्याची आपल्या शाळांतून बोळवण होते, त्या विषयाला त्यांनी आयुष्य वाहावे, एवढ्यावरूनच त्यांच्या स्वभावाची ओळख पटावी. त्यांच्या गुणवर्णनात वेळ दवडण्यापेक्षा त्यांच्याच विषयातील एखाद्या प्रश्नाचा ऊहापोह झालेला त्यांना अधिक रुचला असता, असे धरून मी आजचा विषय निवडला आहे. विधिमंडळ, न्यायालय, मंत्रिमंडळ, पंचायत या ज्या संस्थांच्या द्वारा प्रजासत्ताकाचा कारभार चालतो, त्यांच्याविषयी सामान्य माणसाला कितपत ज्ञान आहे हे ठरविण्यासाठी त्याला नावे, हुद्दे, मुदती आणि कलमांचे आकडे विचारावयाचे आणि मिळालेल्या गुणांवरून त्याच्या योग्यायोग्यतेचा निवाडा करावयाचा, असा जो प्रघात सर्वत्र पडला आहे, तो न्याय्य आहे काय, हा तो विषय होय.

या प्रघाताचे माहेरघर अमेरिका आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ॲनेनबर्ग केंद्र दरवर्षी तेथील संविधानदिनाच्या सुमारास, शासनाच्या तीन शाखा कोणत्या, असा प्रश्न जनतेला विचारते, आणि २०१६ साली तिन्ही शाखांची नावे सांगणारे शेकडा २६ च निघाले तेव्हा वृत्तपत्रांनी साहजिकच कपाळाला हात लावला. त्यापूर्वी दहा वर्षे झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत तर, 'स्नो व्हाइट'च्या कथेतील सात बुटक्यांपैकी दोघांची नावे शेकडा ७७ लोकांना सांगता आली आणि सर्वोच्च न्यायालयातील दोन न्यायमूर्तींची नावे फक्त २४ जणांना, असा निष्कर्ष निघाला होता; आणि तो इतका चविष्ट होता की आजही वक्ते त्याचा वापर करतात, जसा मी आता केला. पण ॲनेनबर्गचाच आकडा २०२१ साली ५६ वर गेला आणि पुढल्याच वर्षी ४७ वर उतरला, या गोष्टीची चर्चा त्या मानाने थोडी झाली. अमेरिकन जनता पाच वर्षांत दुपटीने विद्वान झाली आणि मग बारा महिन्यांत तिला विस्मृती जडली, असे मानण्यापेक्षा, महाभियोग, महामारी आणि वादग्रस्त निवडणूक यांमुळे ते शब्द काही काळ रोज कानांवर पडत राहिले आणि मग पडेनासे झाले, असे मानणे अधिक सयुक्तिक नव्हे काय? जे मोजमाप वर्तमानपत्राच्या मथळ्यांबरोबर वरखाली होते, ते नागरिकाच्या समजुतीचे मोजमाप आहे की मथळ्यांचे, ही शंका येथेच उपस्थित होते.

आपल्याकडेही हा खेळ अपरिचित नाही. राष्ट्रगीत कोणी लिहिले, राष्ट्रपतींचे नाव काय, असे प्रश्न रस्त्याने जाणाऱ्यापुढे ध्वनिक्षेपक धरून विचारावयाचे आणि त्याची त्रेधा उडाली की ती प्रेक्षकांच्या करमणुकीसाठी दाखवावयाची, हा प्रकार आपण दूरचित्रवाणीवर पाहतो. दुसऱ्या टोकाला स्पर्धापरीक्षांची ती विराट सृष्टी आहे, जिच्यात राज्यपालाची नेमणूक कलम १५५ अन्वये होते आणि त्याची मुदत कलम १५६ मध्ये आहे, हे हजारो तरुणांना तोंडपाठ असते, आणि राज्यपाल विधेयक अडवून ठेवू शकतो काय, या प्रश्नावर मात्र त्यांतील पुष्कळ जण चार पर्यायांची वाट पाहत थांबतात. पहिल्याला अडाणी म्हणावयाचे आणि दुसऱ्याला सुजाण, असा न्याय करण्यापूर्वी हे मोजण्याचे माप कसे घडले आहे ते तपासून पाहावे, एवढीच माझी विनंती आहे. आणि त्यासाठी एका प्रसिद्ध प्रकरणाची थोडी तपशिलात जाऊन हकिकत सांगतो.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या आश्रयाने १९४८ पासून राष्ट्रीय निवडणूक अभ्यास चालत आला आहे, आणि राज्यशास्त्राच्या क्षेत्रात त्याच्या आकडेवारीला जवळजवळ प्रमाणग्रंथाची प्रतिष्ठा आहे. या अभ्यासाच्या २००० सालच्या पाहणीत मतदारांना काही सार्वजनिक व्यक्तींची नावे सांगून, हे गृहस्थ सध्या कोणत्या पदावर आहेत, असे विचारण्यात आले. त्यांत एक नाव विल्यम रेनक्विस्ट यांचे होते. रेनक्विस्ट हे १९७२ पासून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि १९८६ पासून तेथील सरन्यायाधीश होते. आदल्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्यावरील महाभियोगाच्या सुनावणीत, काळ्या झग्याच्या बाह्यांवर एका संगीतिकेतील पात्राच्या पोशाखावरून सुचलेले सोनेरी पट्टे लावून, ते सिनेटमध्ये अध्यक्षस्थानी बसलेले सगळ्या देशाने पाहिले होते. आणि २००० च्या डिसेंबरात बुश विरुद्ध गोर या खटल्यात त्यांच्याच न्यायालयाने राष्ट्राध्यक्ष कोण होणार याचा अखेरचा निकाल दिला. अशा माणसाचे पद पाहणीच्या हिशेबाप्रमाणे दहांतल्या जेमतेम एकाला बरोबर सांगता आले. पुढे कित्येक वर्षे हा आकडा, जनतेला आपल्या सर्वोच्च न्यायालयाची काहीच माहिती नसते, या सिद्धान्ताचा आधारस्तंभ म्हणून वापरला गेला, आणि ज्या जनतेला न्यायालय ठाऊक नाही तिच्या न्यायालयावरील निष्ठेला तरी काय अर्थ, असे अनुमानही त्यातून निघू लागले.

जेम्स गिब्सन आणि ग्रेगरी काल्डेरा या दोघा प्राध्यापकांना या आकड्याचा संशय आला आणि त्यांनी मूळ दप्तर उघडले. मुलाखत घेणाऱ्यांनी मतदारांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवली होती, हे विद्येचे भाग्य. नाही तर हे प्रकरण आहे तेथेच मुरून गेले असते. तपासात असे आढळले की, उत्तरात 'सरन्यायाधीश' आणि 'सर्वोच्च न्यायालय' या दोन्ही शब्दांचा स्पष्ट उच्चार असल्याखेरीज ते बरोबर धरू नये, असा दंडक गुण देणाऱ्यांना घालून दिला होता. त्यामुळे, तो सर्वोच्च न्यायालयातला मुख्य माणूस आहे, असे सांगणारा नापास. सर्वोच्च न्यायालयाचा प्रमुख, असे म्हणणारा नापास. तेथला वरिष्ठ न्यायाधीश म्हणणारा नापास. आणि रेनक्विस्ट हे नाव जन्मात न ऐकलेला माणूसही नापास, या सर्वांची गणना एकाच रकान्यात झाली. चुकीची म्हणून बाद केलेल्या उत्तरांपैकी बहुतेकांत रेनक्विस्ट हे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आहेत ही गोष्ट बिनचूक सांगितलेली होती. त्यातील मौज अशी की, अमेरिकेच्या कायद्यात या पदाचे अधिकृत नाव 'अमेरिकेचे सरन्यायाधीश' असे आहे, 'सर्वोच्च न्यायालयाचे' असे नाही. म्हणजे त्या दंडकाप्रमाणे अक्षरशः तपासले असते तर खुद्द रेनक्विस्ट यांनी आपले पद नियुक्तिपत्रात लिहिल्याप्रमाणे सांगितले असते तरी ते अनुत्तीर्ण झाले असते!

गिब्सन आणि काल्डेरा यांनी मग स्वतः पाहणी केली आणि नावे आठवावयास सांगण्याऐवजी पर्याय पुढे ठेवले. न्यायमूर्ती निवडणुकीने येतात की नेमणुकीने, त्यांची नेमणूक काही वर्षांपुरती असते की तहहयात, घटनेच्या अर्थाविषयी मतभेद झाला तर अखेरचा शब्द कोणाचा, असे प्रश्न विचारले असता बहुसंख्य लोकांची उत्तरे बरोबर आली. यावर, पर्याय दिले म्हणजे काही जण डोळे मिटून बाण मारतात आणि त्यांतले काही लागतात, असा आक्षेप घेता येतो आणि तो खराही आहे. पण न्यायालयाची रचना आणि सामर्थ्य यांचे ज्ञान एक, आणि त्यात आज कोण बसले आहे याचे स्मरण दुसरे, हा भेद त्यामुळे पुसला जात नाही. रेनक्विस्ट २००५ साली वारले आणि त्यांचे नाव पाठ करणाऱ्याचे ज्ञान त्या दिवशी शिळे झाले. न्यायमूर्ती तहहयात असतात हे जाणणाऱ्याचे ज्ञान त्याच दिवशी, नवा सरन्यायाधीश कोण नेमणार आणि त्याचे परिणाम किती वर्षे भोगावे लागणार, हे समजण्यास उपयोगी पडले.

आता दुसऱ्या पक्षाची बाजू तिच्या सर्वांत बळकट स्वरूपात मांडणे मला प्राप्त आहे, कारण तो पक्ष उथळ लोकांचा नाही. मायकेल डेली कार्पिनी आणि स्कॉट कीटर यांनी १९९६ साली येल विद्यापीठाच्या मुद्रणालयातून प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अमेरिकन जनतेच्या राजकीय ज्ञानाचा पन्नास वर्षांचा पाहणीसंग्रह चाळून पाहिला आणि पाच प्रश्नांची एक मोजपट्टी सुचविली: उपराष्ट्राध्यक्ष कोण, कायदा घटनेस धरून आहे की नाही हे ठरविणे कोणाचे काम, राष्ट्राध्यक्षांचा नकाराधिकार निष्प्रभ करण्यास किती बहुमत लागते, प्रतिनिधिगृहात बहुमत कोणाचे, आणि दोन पक्षांपैकी अधिक स्थितिप्रिय पक्ष कोणता. या पाच गोष्टी जाणल्या म्हणजे माणूस सुजाण झाला, असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्यांचे म्हणणे असे की, ज्याला या ठाऊक असतात त्याला इतरही पुष्कळ ठाऊक असते. आपल्या भाषेत बोलावयाचे तर ही शितावरून भाताची परीक्षा आहे, आणि ती परीक्षा घरोघर रोज बिनतक्रार चालते.

शितावरून भात ओळखता येतो तो, सगळा भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो म्हणून. समाज तसा शिजलेला नसतो. एकाचा राज्यसंस्थेशी संबंध वर्तमानपत्रातून येतो, दुसऱ्याचा कज्जेखटल्यातून, तिसरीचा शिधावाटप दुकानातून, आणि ज्याचा जेथे संबंध तेथे त्याचे ज्ञान पिकते. खुद्द डेली कार्पिनी आणि कीटर यांच्याच सामग्रीत असे दिसते की, राष्ट्रीय राजकारणाच्या प्रश्नांत पुरुषांच्या मागे पडणाऱ्या स्त्रिया, गावातील शाळाखात्याचा प्रमुख कोण यासारख्या स्थानिक प्रश्नावर मागे राहत नाहीत. त्यांनी ही गोष्ट लपविली नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण पुढे जी मोजपट्टी रूढ झाली तिच्यात शाळेचा प्रश्न नव्हता.

आपल्याकडील एका विधवा शेतकरणीची कल्पना करा. महसूलमंत्री कोण, हे तिला विचारले तर ती पदर सावरून गप्प राहील. पण नवऱ्यामागे सातबाऱ्यावर आपले आणि मुलांचे नाव लागावे म्हणून तलाठ्याकडे वारसाचा अर्ज द्यावा लागतो, त्याची दखल गाव नमुना सहा-क मध्ये घेतली जाते, मग फेरफार धरला जातो, भाऊबंदांना नोटिसा निघतात, कोणी हरकत घेतली तर सुनावणी होते, नोंद प्रमाणित करणारा मंडल अधिकारी असतो, आणि त्याचा निकाल विरुद्ध गेला तर प्रांताकडे साठ दिवसांच्या आत अपील करावे लागते, हे सारे तिने हेलपाटे घालून शिकलेले असते. जमीन महसूल संहिता १९६६ सालची आहे हे तिला माहीत नसेल. पण त्या संहितेची ताकद कोठे आहे, कोणत्या टेबलावर कागद अडतो, कोणाला तो अडविण्याचा अधिकार आहे आणि कोण निव्वळ अडवितो, हे ती जाणते, आणि संस्थेचे ज्ञान म्हणून याहून अधिक खरे ज्ञान कोणते, ते मला सांगता यावयाचे नाही. पाहणीच्या तक्त्यात मात्र तिच्या नावापुढे शून्य पडेल, आणि महसूलमंत्र्याचे नाव सांगणाऱ्या, पण वारसनोंदीसाठी वकिलाकडे धावणाऱ्या तिच्या शहरी दिराला एक गुण मिळेल.

गप्प राहण्याचा मी उल्लेख केला, त्याचाही थोडा विचार करावा लागेल. पाहणीत 'माहीत नाही' हे उत्तर अज्ञानाचा कबुलीजबाब म्हणून मोजले जाते. जेफ्री मोंडाक आणि मेरी अँडरसन या संशोधकांनी २००४ साली असे दाखविले की, पुरुष ठाऊक नसतानाही ठोकून देतात आणि स्त्रिया अर्धवट ठाऊक असतानाही 'माहीत नाही' म्हणतात, आणि स्त्रीपुरुषांच्या राजकीय ज्ञानात म्हणून जी तफावत दिसते तिच्यातील सुमारे निम्मी या सवयीच्या फरकातून येते. म्हणजे हे माप धिटाईला ज्ञानाचे गुण देत होते. दुसरीकडे मार्कस प्रायर आणि आर्थर लुपिया यांनी, प्रत्येक बरोबर उत्तरामागे एक डॉलर देऊ केला किंवा उत्तरासाठी एका मिनिटाऐवजी चोवीस तास दिले, तर गुण कितपत वाढतात, हे २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाहिले. आणि ते चांगलेच वाढले. डॉलर खिशात आल्याने कोणाला नवी माहिती होत नाही. आळस झटकून आठवण्याची इच्छा होते एवढेच. आणि चोवीस तास मिळालेल्या माणसाने जे केले, म्हणजे शोधले, कोणाला तरी विचारले, तेच तर नागरिक मतदानापूर्वी करीत असतो. फोनवरच्या अनोळखी माणसाने जेवणाच्या वेळी विचारलेल्या प्रश्नाला मिनिटाभरात उत्तर देण्याचा प्रसंग प्रजासत्ताकाच्या कोणत्याही कारभारात येत नाही.

प्रश्न विचारणाऱ्याची भाषा आणि उत्तर देणारीची रीत यांची चुकामूक किती महाग पडते, याचा दाखला आपल्याच पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आहे. सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने मतदारयाद्या तयार करण्यास माणसे धाडली, तेव्हा बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत या भागांतील लक्षावधी स्त्रियांनी परक्या कारकुनापुढे आपले नाव उच्चारले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, असे सांगितले. सुमारे ८ कोटी स्त्रीमतदारांपैकी २८ लाखांच्या आसपास नावे, ती योग्य रीतीने नोंदली नाहीत म्हणून, याद्यांतून गळली. सेन यांचा तो निर्णय मी चुकीचा मानीत नाही. स्त्रीची नोंद तिच्या स्वतःच्या नावानेच व्हावी, या आग्रहामागे फार मोठे तत्त्व होते. पण ज्या स्त्रीला, आपण कोण आहोत, याचे पूर्ण ज्ञान होते, तिचे उत्तर सरकारी रकान्यात बसले नाही, एवढ्याने ती त्या निवडणुकीपुरती नागरिक म्हणून नाहीशी झाली, ही वस्तुस्थिती उरतेच.

त्याच निवडणुकीची दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. १९५१ च्या खानेसुमारीप्रमाणे देशात साक्षरांचे प्रमाण शेकडा १८ च्या जवळपास होते, आणि मतदारांची संख्या १७ कोटींच्या वर. या मतदाराला उमेदवाराचे नाव वाचता येणार नाही हे गृहीत धरून प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र मतपेटी ठेवण्यात आली आणि तिच्यावर बैलजोडी, झोपडी, कणीस आणि विळा अशी चिन्हे डकविण्यात आली. विद्वानांनी त्या वेळी नाके मुरडली. परंतु लुपिया यांनी कॅलिफोर्नियातील १९८८ च्या मतदानाचा जो अभ्यास केला, तो वाचताना मला त्या चिन्हांची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. मोटारींच्या विम्याविषयी एकाच वेळी पाच परस्परविरोधी प्रस्ताव मतदारांपुढे आले होते. त्यांतील बारकावे इतके किचकट होते की फारच थोड्यांना ते समजले. पण ज्यांना बारकावे समजले नव्हते, तरी विमाकंपन्या कोणत्या प्रस्तावाच्या बाजूच्या आहेत एवढेच ठाऊक होते, त्यांची मते बारकावे जाणणाऱ्यांच्या मतांशी बव्हंशी जुळली. एका चिन्हाने विश्वकोशाचे काम केले.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल की, ही तर प्राध्यापकांची आपसातली तकरार आहे. गुण थोडे कमी पडले काय किंवा अधिक पडले काय, कोणाचे काय बिघडते? बिघडते असे की, या परीक्षेचा निकाल फार जुन्या काळापासून एका विशिष्ट कामासाठी वापरला गेला आहे. ज्या जॉन स्टुअर्ट मिलचे बोट धरून आपल्याकडील आगरकरांची पिढी विचार करावयास शिकली, त्या मिलनेच १८६१ साली प्रातिनिधिक शासनावरील ग्रंथात, मतदान करू इच्छिणाऱ्याने इंग्रजी पुस्तकातील एक वाक्य उतरवून दाखवावे आणि त्रैराशिकाचे एक उदाहरण सोडवावे, असे सुचविले, आणि सुशिक्षितांना एकाहून अधिक मते द्यावीत असाही पुरस्कार केला. मिलच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांनी ती कल्पना उचलली तेव्हा तिचे काय झाले ते सर्वश्रुत आहे. मिसिसिपीने १८९० च्या आपल्या घटनेत, मतदाराला घटनेचे कलम वाचता यावे किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगता यावा, अशी अट घातली, आणि अर्थ बरोबर आहे की नाही हे ठरविण्याचा अखत्यार नोंदणी कारकुनाकडे ठेवला. गोऱ्या अर्जदाराला सोपे कलम आणि काळ्या पदवीधराला दुर्बोध कलम, असा कारभार १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत चालला. 'सर्वोच्च न्यायालयातला मुख्य माणूस' हे उत्तर बरोबर की चूक हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याच्याच हाती निकाल. ही गोष्ट मिसिसिपीच्या कचेरीत दुष्टबुद्धीने झाली आणि मिशिगनच्या पाहणीत सद्बुद्धीने, एवढाच फरक.

मुंबई इलाख्यातही मताधिकार जमीनसारा, प्राप्तिकर आणि शिक्षण यांच्या कुंपणात होता, आणि १९१९ आणि १९३५ च्या कायद्यांनी ते कुंपण सरकविले तरी मोडले नाही. सायमन कमिशनच्या निमित्ताने नेमलेल्या प्रांतिक समितीचे सभासद म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२९ साली जो स्वतंत्र अहवाल सादर केला, त्यात प्रौढ मताधिकाराची मागणी करताना साक्षरतेच्या अटीचा त्यांनी मुळापासून समाचार घेतला. निरक्षर तो निर्बुद्ध, असे मानणे ही एक चूक, आणि साक्षर झाल्याने माणूस निरक्षराहून अधिक जाणता होतोच, असे मानणे ही दुसरी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. शाळेचे दार ज्या वर्गाला बंद ठेवले त्या वर्गालाच शाळेत न गेल्याची शिक्षा देण्याचा हा प्रकार त्यांना जितका स्पष्ट दिसत होता, तितका तो पुण्यामुंबईच्या पुढाऱ्यांपैकी फार थोड्यांना दिसला. आणि ही चर्चा १९५० साली संपली असेही समजू नये. हरियाणाने २०१५ साली पंचायतीच्या उमेदवारांना शालेय इयत्तांची अट घातली, सर्वोच्च न्यायालयाने राजबाला प्रकरणात ती त्याच वर्षी उचलून धरली, आणि बऱ्यावाइटाचा विवेक शिक्षणानेच येतो असा विचारही त्या निकालात व्यक्त झाला. राजस्थानने तशीच अट घातली होती. ती २०१९ साली मागे घेतली गेली.

एवढे बोलल्यानंतर, लोकांना काही ठाऊक असण्याची गरजच नाही, अशा भाबड्या निष्कर्षाला मी आलो आहे, असा कोणाचा समज होऊ नये. चिन्ह वाट दाखविते ते चिन्ह लावणारा प्रामाणिक असेपर्यंत. विमाकंपन्यांनी आपले नाव लपवून भलत्याच नावाने प्रचार केला असता तर कॅलिफोर्नियाच्या मतदाराचा तो एकमेव खुंटा उपटला गेला असता. कोणती संस्था कोणत्या कामाला जबाबदार आहे, हे न कळल्यामुळे आपल्या गावोगावी जो जाब ज्याला विचारावयाचा तो दुसऱ्यालाच विचारला जातो, हे मी मान्य करतो. गटार तुंबले म्हणून खासदाराला धारेवर धरणारा मतदार आणि जिल्हा परिषदेच्या रस्त्यावरील खड्ड्यांसाठी सरपंचाला शिव्या घालणारा गावकरी हे अज्ञानाचे खरेखुरे नमुने आहेत, आणि या अज्ञानाचा फायदा खासदाराला, सरपंचाला आणि जिल्हा परिषदेला आळीपाळीने मिळत असतो. माझी तक्रार एवढीच की, राष्ट्रपतींचे नाव विचारून या अज्ञानाचा पत्ता लागत नाही.

प्रश्न ज्ञानाचा आहे तर, ते कोणत्या कामासाठी, हे आधी ठरले पाहिजे. महाराष्ट्रातल्या खेड्यात मला पाहणी करावयाची झाली, तर मी विचारीन: रोजगार हमीचे काम मागितल्यावर किती दिवसांत मिळाले पाहिजे, आणि न मिळाले तर काय मागता येते? १९७७ सालच्या आपल्या रोजगार हमी कायद्याने पंधरा दिवसांची मुदत आणि त्यानंतर भत्ता असे उत्तर देऊन ठेवले होते, आणि ज्या तालुक्यांतून मजुरांच्या संघटना झाल्या तेथे निरक्षर बायका ते तहसीलदाराला ऐकवीत असत. मी विचारीन: ग्रामसभेत हिशेब मागितला आणि तो दिला नाही, तर पुढे कोणाकडे जाल? विधानसभेने केलेला कायदा कोणी रद्द करू शकतो काय? आणि सरपंच कोण निवडतो, हेही विचारीन. पण त्याचे गुण देताना जपून देईन, कारण या एका प्रश्नाचे बरोबर उत्तर २०१७ साली 'मतदार' असे झाले, २०२० साली पुन्हा 'सदस्य' असे झाले आणि २०२२ साली परत 'मतदार' झाले. पाच वर्षांत तीनदा कूस बदलणाऱ्या कायद्याच्या मागे जो गावकरी एक पाऊल राहिला, त्याला अज्ञानी म्हणावयाचे, तर विधिमंडळाला काय म्हणावयाचे?

मी सुचविलेले प्रश्नही निर्दोष नाहीत, हे कोणी मला सांगावयास नको. शेतकऱ्याला अनुकूल प्रश्न काढले तर गिरणगावातल्या चाळकऱ्याला ते प्रतिकूल पडतील, आणि निवडणाऱ्याचा पक्षपात निवडीत उतरल्यावाचून राहणार नाही. म्हणून प्रश्नपत्रिकेच्या निर्दोषतेपेक्षा मला उत्तरपत्रिकेच्या जपणुकीची आस्था अधिक वाटते. रेनक्विस्ट प्रकरणाचा उलगडा झाला तो, लोकांचे शब्द कोणी फेकून दिले नव्हते आणि परक्या संशोधकांना ते पाहू दिले, म्हणून. आणि त्या टीकेनंतर त्या अभ्याससंस्थेने मोकळ्या उत्तरांना गुण देण्याची आपली पद्धत नव्याने तपासावयास घेतली, ही तिच्या थोरपणाची खूण आहे. आपल्या देशातही 'जनतेला अमुक ठाऊक नाही' अशी टक्केवारी जी संस्था छापील, तिने प्रश्न नेमका कोणत्या शब्दांत आणि कोणत्या भाषेत विचारला, कोणते उत्तर बरोबर धरले, 'माहीत नाही' म्हणणाऱ्यांना पुन्हा एकदा विचारले की नाही, हे सांगावे, आणि जी उत्तरे चूक ठरविली त्यांतील निदान शंभरएक जशीच्या तशी, बोलीतल्या शब्दांसकट, टक्केवारीच्या शेजारी छापावीत, अशी माझी सूचना आहे. जागा फार लागेल अशी सबब संपादक सांगतील. त्यासाठी टक्केवारीवरचा अग्रलेख गाळला तरी चालेल.